पायातल्या मुंग्या

आमच्या साहेबांची एक चप्पल जिन्यात राहिली आणि साहेब तसेच वर घरात आले, तेव्हा आम्ही मायलेकी पोट धरधरून हसलो होतो. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी आणि चेहऱ्यावर भारत सरकारचं गांभीर्य. नवऱ्याला मी 'साहेब' म्हणायचे ते चिडवायला. केंद्र सरकारच्या एका खात्यात ते अधिकारी होते आणि घरातसुद्धा फाईलवर शेरा मारल्यासारखं बोलायचे. मुलगी म्हणाली, "बाबा, यार, दुसरी चप्पल कुठंय तुमची?" त्यांनी खाली पाहिलं. पाहिलं तेव्हाच त्यांना कळलं.

"पट्टा सैल झालाय," ते म्हणाले. "नवीन घ्यायला हव्यात."

नुकतेच आम्ही दिल्लीच्या टोकाला, द्वारकेत राहायला आलो होतो. आयुष्यभर सरकारी क्वार्टरच्या पिवळ्या भिंती बघितलेल्या, म्हणून स्वतःचा तीन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे आम्हाला राजवाडाच होता. मेट्रो येणार म्हणून नुसतं ऐकत होतो. पाणी टँकरने यायचं, लिफ्ट बसवलेली होती पण चालत नव्हती, आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडे किकरचं, म्हणजे वेड्या बाभळीचं रान पसरलेलं. डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की बोलणं अर्ध्यावर थांबवावं लागे. पण बाजारात काय वाटेल ते मिळायला लागलं होतं. मुलीने हट्ट करकरून बाबांना जाड तळव्याचे परदेशी स्पोर्ट्स शूज घ्यायला लावले. आधी साहेबांनी नाक मुरडलं. मग आठवडाभर घालून म्हणाले, "काही म्हण, बुटात दम आहे. अगदी कापसावर चालल्यासारखं वाटतं."

आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. कापसावर चालल्यासारखं वाटत होतं ते बुटांमुळे नव्हतं.

मी दिल्लीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. मज्जासंस्था हा माझा हातखंडा विषय. हायड्राच्या अंगभर पसरलेलं मज्जातंतूंचं जाळं, ज्याला मध्य नाही की टोक नाही. गांडुळाच्या पोटाच्या बाजूने जाणारी दोरी आणि तिच्यावरच्या गाठी. झुरळाचं डोकं उडवलं तरी ते कितीतरी दिवस पाय हलवत राहतं, कारण पायांचा कारभार छातीतल्या गाठींकडे असतो, डोक्याकडे नसतो. हे सांगितलं की मुली "ईऽऽ" करून किंचाळायच्या आणि मग वहीत भराभरा लिहून घ्यायच्या. मला फार मजा यायची.

सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती बेडकाच्या प्रॅक्टिकलला. तेव्हा ते अभ्यासक्रमात होतं. बेडकाचा मेंदू काढून टाकायचा, मज्जारज्जू तसाच ठेवायचा आणि जबडा स्टँडला अडकवून त्याला लटकवायचं. मग सौम्य आम्लात बुडवलेला कागदाचा चिटोरा त्याच्या कुशीला चिकटवायचा. क्षणभर काही होत नाही. मग मागचा पाय हळूच वर येतो, बरोबर त्या जागी जातो आणि कागद झटकून टाकतो. एकदा एका मुलीने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "मॅम, इसको दर्द हो रहा है?" मी ठसक्यात सांगितलं, "दर्द होने के लिए दिमाग़ चाहिए. पैर हटाने के लिए नहीं." हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढे दरवर्षी मी ते वर्गाला ऐकवत आले.

साहेबांना शुगर होती. म्हणजे आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना होती तशीच. संध्याकाळी चार्टर्ड बसमधून उतरून घरी आले की म्हणायचे, "पायाला मुंग्या आल्यात गं, जरा तेल लाव." मुलगी दिल्लीतच वाढलेली. लहानपणी तिने एकदा खरोखरच त्यांच्या पायांजवळ वाकून मुंग्या शोधल्या होत्या. कित्येक वर्षं संध्याकाळचा हा कार्यक्रम चालू होता. मी तेल लावायचे, ते डोळे मिटून ऑफिसातली गाऱ्हाणी सांगायचे. आमच्या संसारातला बोलण्याचा वेळ म्हणजे तोच.

आणि एक दिवस ते खुशीत म्हणाले, "तेल नको आज. मुंग्या गेल्या."

"गेल्या म्हणजे?"

"गेल्या म्हणजे गेल्या. मेथीचं पाणी लागू पडलं. तुम्ही सायन्सवाले हसा हवं तर."

मी हसले नाही, पण सुटकेचा श्वास मात्र टाकला. डॉक्टरकडे चला, एकदा शुगर बघून घेऊ, असं म्हटलं तर म्हणाले, "बरं झाल्यावर कोण जातं गं डॉक्टरकडे?" तिळमात्र शंका नव्हती त्यांना. मज्जातंतू आजारी असतात तोवर कुरकुरतात. मेले की गप्प होतात. माणसाला मात्र वाटतं, बरं वाटतंय. कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी एकेक पेशी, शरीरातली सगळ्यात लांब, तीच आधी जाते. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाच्या सेक्टरला पाणी पोचत नाही, तसं.

संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जायची. साहेब एकही वर्ष चुकवत नसत. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी त्या लढाईला गेलं आणि परत आलं नाही, असं सासरे सांगायचे. नाव माहीत नाही, गाव तेवढं माहीत. पहिल्या वर्षी मी बरोबर गेले होते. बस थांबली तशी साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, घडी करून बुटात घातले आणि बूट सीटखाली सरकवले. मी म्हटलं, "अहो, हे काय? देऊळ आहे का?"

"देवळापेक्षा काही कमी नाही."

"गारठा केवढाय! दव पडलंय. काटेकुटे असतात."

"ह्या मातीवर मी बूट घालून चालणार नाही," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं ते."

धुकं इतकं होतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. त्यातून हे आपले अनवाणी पुढे चाललेले. खरं सांगते, तेव्हा मला त्यांचा राग आला नव्हता. एवढा रुक्ष माणूस, टिपणी आणि परिपत्रकाशिवाय दुसरं काही सुचत नसलेला, आणि कुणा अनोळखी पूर्वजासाठी थंडीत पाय गारठवून घेतोय, हे बघून मला त्यांची मायाच वाटली.

पण मी सांगतेय ती संक्रांत पुढची, मुंग्या गेल्यानंतरची. त्या वर्षी मी गेले नाही, कारण संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. द्वारकेच्या घरातलं पहिलं. नव्या पांढऱ्या टाइल्सवर मी दारापासून देवघरापर्यंत रांगोळी घातली होती. आसपासच्या सेक्टरांतल्या मराठी बायका, झालंच तर शेजारच्या पंजाबी आणि बंगाली, असा हॉल भरून गेला होता. साहेब बसने परत आले, दारात बूट-मोजे काढले आणि तडक आत आले. हातात काला अंबची माती बांधलेली पुडी. ती देवाजवळ ठेवली, मग तिळगुळाचा डबा घेऊन सगळ्यांना वाटत फिरायला लागले. फार खूश होते.

मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, फ्लोअरवर कुंकू सांडलंय. पूरा फैल गया है."

मी खाली पाहिलं. दारापासून देवघरापर्यंत, देवघरापासून सोफ्यापर्यंत, तिथून स्वयंपाकघराच्या तोंडाशी आणि परत. एका आड एका पावलाशी लाल ठसा. माझी रांगोळी फिसकटून त्यात रंग मिसळलेले. शेजारीण म्हणाली, "कितना सुंदर! लक्ष्मीजी के पाँव बनाए हैं?" आणि साहेब तिच्याच समोर उभे राहून तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवत होते. त्यांच्या उजव्या पायाखाली थारोळं वाढत चाललं होतं.

"अहो, पाय!" मी ओरडले.

"काय झालं पायाला?" त्यांनी विचारलं. अगदी सहज. कुणाच्या पायाला, असा भाव.

बायका कशा गेल्या, वाण कुणी दिलं, मला काही आठवत नाही. मी त्यांना आतल्या खोलीत पलंगावर आडवं केलं. तळव्याला, अंगठ्याच्या मागे, काटा खोलवर रुतून मोडला होता. काळपट टोक आत दिसत होतं. तसाच बूट घालून माणूस बसने दिल्लीपर्यंत आला होता. वर्षानुवर्षांची सवय सुटत नाही. कपाटातून माझी डिसेक्शनची पेटी काढली, सुई घेतली आणि म्हटलं, "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

त्यांनी डोळे मिटले. मी अंगठ्याला सुई लावली. तळव्याला लावली. टाचेला. घोट्याला.

"टोच ना आता," ते म्हणाले. "किती वेळ लावतेस?"

मी त्यांच्या पायाकडे बघत राहिले. पायाने जरासुद्धा हालचाल केली नव्हती. माझ्या टेबलावरचा बिनमेंदूचा बेडूकसुद्धा पाय ओढून घेतो हो! आणि इथे हा माणूस, डोकं शाबूत, तारखेसकट नियम तोंडपाठ असलेला, आणि त्याच्या पायाचं त्याच्याकडे काही पोचत नव्हतं. मला रडू फुटलं. ते डोळे मिटूनच म्हणाले, "अगं, झालं काय? टोच की."

डॉक्टरने काटा काढला. "कब लगा?" त्याने विचारलं. "पता नहीं," साहेब म्हणाले, आणि जणू पराक्रम सांगावा तसं वर म्हणाले, "बिल्कुल दर्द नहीं हुआ." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. तो काटा मी मागून घेतला. घरी आणून छोट्या नळीत घातला, बूच लावलं आणि पेटीत ठेवून दिला. आमच्या धंद्यातली खोड, दुसरं काय!

डॉक्टरने बजावलं होतं: पाय जमिनीला टेकवायचा नाही. पण दुखत नसलेला पाय माणूस किती दिवस उचलून धरेल? चार दिवसांत साहेब पट्टी बांधून, त्यावर ते कापसाचे बूट चढवून ऑफिसला निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. भांडले, आरडाओरडा केला, मुलीची शपथ घातली. ते म्हणाले, "दुखत असतं तर मी घरी बसलो नसतो का?" आपल्या सगळ्यांचाच कारभार त्यावर चालतो. दुखलं की थांबायचं, न दुखलं की चालायचं. त्यांच्या पायाने थांब म्हणणंच सोडून दिलं होतं, आणि माझ्या तोंडच्या 'थांबा'ला घरात किंमत नव्हती.

जखम भरली नाही. अंगठा आधी लाल झाला, मग जांभळा, मग काळा. खोलीत वास यायला लागला. तो त्यांना येत होता. नाक धड होतं ना. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या सर्जनने पाय पाहिला, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, गुडघ्याखाली कापावा लागेल. थांबलात तर गुडघाही जाईल, आणि मग जीवही.

"दुखत नाही तर कापायचं कशाला?" साहेब म्हणाले.

त्यांना समजावायला मी आयुष्यात कधी घेतला नव्हता एवढा जीव तोडून वर्ग घेतला. त्यांच्याच भाषेत बोलले. म्हटलं, "असं समजा, खालचं ऑफिस जळतंय. पण तिथून वर कागदच येत नाही. टपाल बंद पडलंय. तुम्ही वर बसून म्हणताय, आमच्याकडे तक्रार नाही."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. मग कागद येऊ दे. कागद आल्यावर बघू."

मला त्यांचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. इतका राग, इतका राग आला! आणि रागाच्या खाली भीती. हा माणूस मला सोडून जाणार, आणि मजेत जाणार, काहीही दुखत नसताना. मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "तुम्हाला दुखत नाही ना? मला दुखतंय. माझा कागद घ्या. ह्याच्यावर सही करा."

त्यांनी चष्मा मागितला. सही करताना फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एके ठिकाणी हिंदी चुकलं होतं ते दुरुस्त केलं, आणि मग सही केली.

जीव वाचला. त्यासाठी मी कुणाकुणाचे पाय धरले ते माझं मला माहीत. घरी आणलं तेव्हा उन्हाळा लागला होता. किकरच्या रानात जेसीबी फिरत होते, तिथे मेट्रोचे खांब उभे राहणार होते, आणि दिवसभर घरात धूळ यायची. साहेब खिडकीशी पलंगावर बसून ते बघत. फारसं बोलत नसत. मुलगी त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं टाळायची.

अशाच एका दुपारी मी कूलरमध्ये पाणी भरत होते. आतून हाक आली, "अगं, ये गं. लवकर ये."

मी धावले. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता, दात आवळलेले.

"काय होतंय?"

"पाय," ते म्हणाले. "उजवा. तळव्यात. काटा मोडलाय आत. आई गंऽऽ, फार दुखतंय."

चादर जिथे संपायला नको होती तिथे सपाट झाली होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पाय गेला तरी मेंदूतली पायाची जागा जात नाही, आणि कुणी काही कळवेना झालं की ती आपणच कण्हायला लागते. मी तेच सांगायला सुरुवात केली. म्हटलं, "अहो, तो पाय नाहीये आता. दुखणं मेंदूत आहे. दुखायला पाय लागत नाही..."

"तुझं लेक्चर नको!" ते ओरडले. आयुष्यात माझ्यावर कधी असे ओरडले नव्हते. "काटा काढ!"

मी कपाटाशी गेले, पेटी उघडली, ती नळी काढली. वाटलं, काटा निघालेला डोळ्यांनी दिसला की बुद्धीला पटेल, बुद्धीला पटलं की दुखणं थांबेल. नळी त्यांच्यासमोर धरली. "हा बघा. केव्हाच काढलाय. हा काय इथे आहे."

त्यांनी नळी हातात घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरून काटा नीट बघितला. रडवेल्या चेहऱ्याने मान हलवली आणि नळी मला परत दिली.

"हा नव्हे गं," ते म्हणाले. "हा कुठे दुखला होता? दुखतोय तो काढ."

मी पेटीतून चिमटा घेतला. पलंगाच्या पायथ्याशी, सपाट चादरीसमोर जमिनीवर बसले. एवढी वर्षं मुलींना शिकवलेलं सगळं गिळलं आणि म्हटलं, "कुठे? नीट दाखवा."

साहेब पुढे वाकले, आणि रिकाम्या चादरीवर एका जागी बोट ठेवून म्हणाले, "इथे. हळू काढ."